पेशंट तयार नाही

"लिम्फोमा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हॉजकिन लिम्फोमा."

आम्हाला काही कळलं नाही हे त्यांनी ओळखलं आणि सोपं करून सांगितलं. आपल्या अंगात रक्तवाहिन्यांसारखंच आणखी एक जाळं असतं. त्याला लिम्फॅटिक सिस्टिम म्हणतात. या जाळ्यात ठिकठिकाणी, म्हणजे मानेत, काखेत, जांघेत, छातीत आणि पोटात, घेवड्याच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. त्यांना लिम्फ नोड म्हणतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथं राहतात. त्याच पेशींना कॅन्सर झाला की तो लिम्फोमा.

खोलीत आम्ही तिघं होतो. माझा मुलगा किरण, वय तेहतीस. त्याची बायको वैशाली. आणि मी.

"गाठ कधीपासून आहे?" बाईंनी किरणला विचारलं.

त्याच्या आधी मी बोललो. "दोन-तीन महिने झाले असतील."

"दहा," वैशाली म्हणाली. "नागपंचमीपासून."

बाईंनी चष्मा काढला आणि तिच्याकडं वळल्या. "दहा महिने मानेवर एवढी गाठ घेऊन नवरा घरात फिरतोय. तुम्ही काय करत होता?"

वैशालीनं मान खाली घातली. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं. मी ते दिलं नाही.

हे लिहितोय ते त्या उत्तरासाठी. किरणच्या आजारपणाची जी हकिगत आमच्या भावकीत, टोळीत आणि कोपरखैरण्याच्या आमच्या वसाहतीत सांगितली जाते, ती खोटी आहे. ती मी पसरवली. माझं वय आता बहात्तर आहे आणि ती तशीच मागं ठेवून जायची माझी इच्छा नाही. शिवाय ज्यांच्या घरात कुणाला अशी गाठ आली असेल, त्यांनी माझ्यासारखं वागू नये, हेही आहेच.

मी सातारा जिल्ह्यातला, जावळीकडचा. जुनी अकरावी करून मुंबईला आलो आणि माथाडी कामात शिरलो. पुढं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात चाळीस जणांच्या टोळीचा मुकादम झालो. मुकादम म्हणजे टोळीचं तोंड. व्यापाऱ्याशी, ट्रकवाल्याशी, साहेबाशी बोलायचं ते मुकादमानं. बाकीच्यांनी मागं उभं राहायचं. एखाद्याची कंबर दुखत असली तरी तो स्वतः सांगायचा नाही. "मुकादम, तुमीच बोला," म्हणायचा, आणि मी बोलायचो. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीनं बोललो. त्याची सवय जडते. समोरच्याला स्वतःचं तोंड आहे हे विसरायला होतं.

मी निवृत्त झालो तेव्हा किरण आमच्याच टोळीत लागला. पाठीवर गोण्या वाहणाऱ्याच्या मानेमागं, खांद्याला लागून, काही वर्षांनी मांसाचा उंचवटा तयार होतो. आम्ही त्याला घट्टा म्हणतो. माझ्या मानेवर अजून आहे. टोळीत नवा माणूस आला की जुने लोक त्याच्या मानेवर हात फिरवून चेष्टा करतात, "अजून लोण्यावानी हाय, कुठल्या बँकेत होतास?" घट्टा आला की माणूस टोळीचा झाला असं धरतात.

नागपंचमीच्या सुमारास वैशालीनं किरणच्या मानेवर डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ पाहिली. तिनं मला दाखवली. मी चाचपून हसलो.

"घट्टा हाय. डाव्या खांद्यावर ओझं घेतोय न्हवं."

"आबा, घट्टा मागं असतो. ही पुढं हाय," ती म्हणाली.

"तू किती गोण्या उचलल्यास?"

किरण हसला. टोळीत मी ही गोष्ट कौतुकानं सांगितली, की पोराच्या मानेवर घट्टा आला.

आता खरं सांगतो. मी शेकडो माना पाहिल्यात. घट्टा कातडीसकट जाड असतो, जागचा हलत नाही. ही गाठ कातडीखाली होती आणि बोटाखाली रबरासारखी सरकत होती. दुखत नव्हती. माझ्या बोटांना फरक कळला होता. तोंडानं मात्र घट्टा म्हटलं आणि एकदा म्हटल्यावर मुकादमाला शब्द मागं घेता येत नाही, असं मी समजत होतो.

दसऱ्यापर्यंत गाठीच्या शेजारी दुसरी आली. किरणच्या अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. पोटऱ्या खाजवून रक्त काढायचा. मी म्हणालो, गोणपाटाची धूळ आहे. संध्याकाळी अंग तापायला लागलं. मी म्हणालो, दमणूक. सकाळी वैशाली त्याची उशी आणि चादर उन्हात टाकायची, कारण ती घामानं चिंब असायची. मी म्हणालो, पंखा बदला. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला. त्यालाही माझ्याकडं काहीतरी कारण असणारच. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं कारण होतं.

ताप, कपडे भिजवणारा घाम आणि काही न करता उतरलेलं वजन, या तिन्हींना कॅन्सरचे डॉक्टर बी सिम्प्टम्स म्हणतात. लिम्फोमा जोर धरतोय याची ती खूण. खाजसुद्धा त्याचीच. हे मला नंतर कळलं. वैशालीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, तरी ती रोज म्हणत होती की हे बरोबर नाही.

शेवटी तिच्या तगाद्यानं आम्ही वाशीच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथं मानेची सोनोग्राफी झाली. मग एफएनएसी केली. म्हणजे बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात आणि दुर्बिणीखाली बघतात. चार दिवसांनी रिपोर्ट आला. किरणला आणखी एका तपासणीसाठी रक्त द्यायला पाठवलं होतं आणि वैशाली त्याच्यासोबत गेली होती. नर्सनं हाक मारली, "किरणचे नातेवाईक?" मी आत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "टीबीसारखं वाटतंय, पण नक्की नाही. सुईत चार पेशी येतात. त्यावरून गाठीची आतली रचना कळत नाही. एक अख्खी गाठ काढून तपासू. एक्सिजन बायोप्सी. लहान ऑपरेशन आहे."

मला आमच्या टोळीतला एक माणूस आठवला. त्याच्या गळ्याची गाठ कापली आणि चार महिन्यांत तो गेला. तेव्हापासून आमच्यात पक्कं झालं होतं की गाठीला सुरी लागली की ती अंगभर पसरते. तो गाठ कापल्यानं गेला नाही, फार उशिरा कापल्यानं गेला, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. आणि एक गोष्ट होती. खांद्याजवळ टाके पडले तर किरण टोळीतून बाहेर बसणार, लोक विचारणार, आणि घट्टा म्हणणारा मी होतो.

मी डॉक्टरांना म्हणालो, "पेशंट तयार नाही."

किरण त्या वेळी शेजारच्या खोलीत दंडाला रबरी पट्टी बांधून बसला होता. आमच्यामध्ये एक भिंत होती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

माझी चूक मी सांगितली. आता त्या डॉक्टरांची सांगतो, कारण तिचाही मला तितकाच संताप आहे. ते उठून शेजारच्या खोलीत गेले असते तर दोन मिनिटांचं काम होतं. तेहतीस वर्षांचा, शुद्धीवर असलेला, स्वतःच्या पायानं चालत आलेला माणूस. त्याच्या मानेबद्दल त्याला विचारायचं नाही, बापाला विचारायचं, आणि बाप जे सांगेल ते कागदावर उतरवायचं, ही कुठली रीत? त्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली, पेशंट बायोप्सीला तयार नाही. मग म्हणाले, "ठीक आहे, टीबीची औषधं चालू करून बघू." बघू. थुंकीत जंतू नाही, छातीचा फोटो धड वाचलेला नाही, खात्री कशाचीच नाही, आणि सहा महिन्यांचं औषध "बघू" म्हणून सुरू.

बाहेर येऊन मी दोघांना सांगितलं, "टीबी हाय. गोळ्यांनी बरा होतो."

वैशालीनं रिपोर्ट हातात घेतला. ती बारावी शिकलेली, सीवूड्सला एका शिवणकामाच्या दुकानात मापं लिहून घेते. बोट ठेवून तिनं शेवटची ओळ वाचली. "आबा, इथं बायोप्सी अॅडव्हाइज्ड लिहिलंय."

"ते सगळ्यांच्याच रिपोर्टावर छापलेलं असतं," मी म्हणालो.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारंगी झाली, जेवण जाईना. दोन महिन्यांनी खाज असह्य झाली म्हणून वसाहतीतल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन आणि पांढऱ्या गोळ्या दिल्या. आठवड्यात चमत्कार झाला. खाज थांबली, ताप गेला, गाठी निम्म्या झाल्या. मी सगळीकडं सांगत सुटलो की टीबीच्या औषधानं गुण आला. वैशालीला तर मुद्दाम सांगितलं. "बघ, म्हणं बायोप्सी."

त्या पांढऱ्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. स्टेरॉइडनं लिम्फोमाची गाठ काही दिवस आकसते. बरी होत नाही, लपते. गाठीचं निदान झालेलं नसताना कुणी स्टेरॉइड देत असेल तर आधी विचारा, कशासाठी? मी हे मोठ्या अक्षरात लिहिलं असतं, पण मोठ्या अक्षरात लिहिण्याचा मला अधिकार नाही.

तीन आठवड्यांनी गाठी परत आल्या. मानेत तीन, काखेत एक. किरणला जिना चढताना धाप लागू लागली. मी म्हणालो, कोर्स पुरा होऊ दे.

मे महिन्यात गावच्या जत्रेला मी आठ दिवस गेलो. वैशालीनं तेवढ्यात काम उरकलं. दुकानात रजा टाकली, किरणला घेऊन कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयात गेली, तीन दिवस रांगा लावल्या आणि काखेतली एक गाठ काढून घेतली. मी परतलो तर किरणच्या काखेत पट्टी.

"हे काय?"

"काप दिला, आबा," किरण म्हणाला.

"कुणाला विचारून?"

भाकरी थापता थापता वैशाली म्हणाली, "ज्याची काख, त्याला विचारून."

मी दोन दिवस तिच्या हातचं जेवलो नाही. खाली उडप्याकडं इडली खाल्ली. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते.

गाठीचा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. आधी साधी तपासणी, मग आयएचसी, म्हणजे पेशींना वेगवेगळे रंग लावून गाठ नेमकी कोणत्या जातीची आहे हे ठरवतात. लिम्फोमाच्या पुष्कळ जाती आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. म्हणून अख्खी गाठ लागते. मग डॉक्टरबाईंच्या खोलीतला तो दिवस, जो मी सुरुवातीला सांगितला.

पुढं पेट स्कॅन झाला. शिरेतून किरणोत्सारी साखर देतात आणि तासभर एका खोलीत एकटं बसवतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून त्या फोटोत चमकतात. किरणच्या फोटोत मान, काख, छाती आणि पोट चमकत होतं. स्टेज थ्री बी. थ्री म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडं. बी म्हणजे ती ताप, घाम, वजनाची लक्षणं.

मी एकदा धीर करून बाईंना एकट्यात विचारलं, "दहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर?"

"तेव्हा काय होतं ते मी आज सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित आजार कमी जागी असता, उपचारही कमी लागले असते. हा बरा होणारा कॅन्सर आहे, आजोबा. पण तुमच्या सूनबाईंना सांगा, यापुढं हयगय नको."

मी मान हलवली. सांगतो म्हणालो.

केमो दर पंधरा दिवसांनी, एकूण बारा वेळा. चार औषधांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून त्याला एबीव्हीडी म्हणतात. त्यातलं एक लालभडक असतं. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली तर किरण म्हणाला, "आधी नारंगी, आता लाल. होळीपर्यंत सगळे रंग हुतील." दुसरं एक औषध शिरेला जाळतं, म्हणून दंडातून एक नळी घातली, पीआयसीसी लाइन. तिसऱ्या औषधानं फुफ्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून मधूनमधून फुंकर मारायची तपासणी. सुरू करण्याआधी बाईंनी विचारलं होतं की आणखी मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवायचं का. ते दोघांनी आपसात ठरवलं. काय ठरवलं ते मला माहीत नाही.

पांढऱ्या पेशी उतरायच्या तेव्हा शाळेतून काही संसर्ग घरात यायला नको म्हणून चौथीतल्या नातीला उलव्याला तिच्या मामाकडं ठेवलं. वैशाली पाणी उकळायची, फळं सोलून द्यायची, थर्मामीटरचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. ताप शंभरच्या वर गेला की रिक्षा. दोनदा गेला. दोन्ही वेळा तिनं अर्ध्या तासात त्याला कॅज्युअल्टीत पोचवलं.

आणि याच काळात मी काय करत होतो ते लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही.

गणपतीत माझी थोरली बहीण, आक्का, बघायला आली. किरणचं केस गेलेलं डोकं बघून रडली आणि मग वैशालीकडं वळली. "नवऱ्याचं अंग जळत हुतं आन् तू सीवूडात मशीन चालवत बसलीस व्हय? येवढी गाठ दिसंना तुला?"

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मी चहात बिस्कीट बुडवलं.

"आक्का, तिचं काय न्हाय त्यात," किरण म्हणाला.

"तू गप. बायकोची बाजू घ्यायला अजून अंगात जोर हाय बघ."

आक्काच्या डोक्यात ते आलं कुठून? माझ्याकडून. फोनवर मीच म्हणालो होतो की सुनेनं वेळेवर दाखवलं नाही. टोळीतले लोक भेटायचे, त्यांनाही मी असंच मोघम काही सांगायचो. "आजकालच्या पोरी, नोकरी का घर?" लोक हळहळायचे. हे विकायला फार सोपं असतं. सुनेची चूक म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही, पुरावा मागत नाही. चाळीस माणसांत एकानंही म्हटलं नाही की मुकादम, घट्टा घट्टा तर तुम्हीच सांगत होता. मला त्यांचा आज राग येतो. तेव्हा बरं वाटलं होतं.

चौथ्या केमोनंतरच्या पेट स्कॅनमध्ये चमक जवळजवळ गेली होती. दिवाळीनंतर बारा पूर्ण झाले. शेवटच्या स्कॅनवर बाईंनी लिहिलं, कम्प्लीट रिमिशन. म्हणजे आजाराची खूण कुठंही दिसत नाही. बरा झाला असं लगेच म्हणत नाहीत, काही वर्षं लक्ष ठेवतात. फुफ्फुसांची ताकद थोडी कमी झालीय. गोण्या उचलणं बंद. त्याला आता मार्केटच्या गेटवर आवक लिहायचं काम मिळालंय.

पण घरात काहीतरी बिनसलं होतं. वैशाली किरणशी कामापुरतं बोलायची. तो विनोद करायचा, ती हसायची नाही. मला वाटलं, दमलीय.

संक्रांतीनंतर फॉलो-अपला गेलो. या वेळी एक तरुण डॉक्टर होत्या, नवीन. फाइल पहिल्यापासून वाचत होत्या. वाशीच्या दवाखान्याचे कागद त्यात लावलेले होते. केमो चालू असतानाच वैशालीनं ते जाऊन आणले होते. एका कागदावर त्या थांबल्या.

"किरण, टीबीचं औषध सुरू करण्याआधी तुम्हाला बायोप्सी सुचवली होती. तुम्ही नाही म्हणालात?"

"मी?" किरण म्हणाला. "मला कोण कधी बोललं?"

"इथं लिहिलंय. पेशंट तयार नाही."

वैशाली त्याच्याकडं बघत होती. तिचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. "तू नाय म्हणला नव्हतास?"

"अगं, मला ठाऊकच न्हाय हे."

तेव्हा मला कळलं. सहा महिन्यांपूर्वी तो कागद आणला तेव्हाच तिनं ती ओळ वाचली होती. आणि तिला वाटलं होतं की किरण घाबरून नाही म्हणाला आणि तिच्यापासून लपवलं. तो उलट्या करत होता, म्हणून तिनं विचारलं नाही. सहा महिने ते मनात ठेवून तिनं त्याचं सगळं केलं, आणि आक्काचं, टोळीचं, डॉक्टरांचं बोलणंही ऐकून घेतलं. माझ्या तोंडापायी पोराचे दहा महिने तर गेलेच होते, आता त्या तीन शब्दांनी त्याचा संसारही आतून कुरतडला जात होता.

"मी म्हणालो होतो," मी म्हणालो. "त्याला विचारलं नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं."

डॉक्टर पोरगी गडबडली. म्हणाली, जुना कागद बदलता येत नाही. मी म्हणालो, नवा लिहा. तिनं लिहिलं की नकार वडिलांनी दिला होता, पेशंटला विचारलेलं नव्हतं. मी ते वाचून दाखवायला लावलं.

बाहेर बाकावर वैशाली रडली नाही. ती म्हणाली, "सहा महिनं मी ह्याच्याशी धड बोलले नाय, आबा. हा मेला असता तर?"

"चूक माझी," मी म्हणालो.

"इथं सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "आक्कांना सांगा. टोळीत सांगा."

मी सांगितलं. आक्काला फोन स्पीकरवर ठेवून सांगितलं, वैशाली समोर असताना. आक्का सगळं ऐकून म्हणाली, "आता कशाला उकरतोस? पोरगं वाचलं न्हवं? तुझं वय बघ." मी म्हणालो, आक्का, तिची माफी माग. आक्कानं फोन ठेवला. टोळीत चहाच्या टपरीवर सांगितलं, तर एक जण म्हणाला, "मुकादम, तुमचं मन मोठं. सुनेचं अंगावर घेताय." त्यांना खोटं इतकं पटलंय की खरं सांगितलं तर ते माझा मोठेपणा समजतात. म्हणून लिहितोय. लिहिलेल्याला कुणी मन मोठं म्हणून उडवू शकणार नाही, अशी आशा आहे.

वैशालीनं मला माफ केलंय का, ते मी विचारलेलं नाही. ती मला आबा म्हणते, जेवायला वाढते. किरणशी मात्र बोलते, भांडतेसुद्धा. परवा दोघं टीव्हीच्या आवाजावरून भांडत होते आणि मी आतल्या खोलीत बसून ते ऐकत होतो. फार दिवसांनी बरं वाटलं.

गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. दुखत नाही म्हणून सोडू नका, लिम्फोमाची बहुतेक दुखतच नाही. टीबी म्हणाले तर पुरावा विचारा. रिपोर्टाच्या शेवटच्या ओळी वाचा, त्या छापलेल्या नसतात, तुमच्यासाठीच लिहिलेल्या असतात. मला जे सांगता येईल ते एवढंच.

गेल्या महिन्यात पुन्हा फॉलो-अप होता. ते दोघं आत गेले, मी बाहेर बसलो. आता मी बाहेरच बसतो. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, बरोबर त्यांची बायको, गळ्याभोवती पदर घट्ट घेतलेली. नर्सनं त्यांच्या बायकोचं नाव पुकारलं. गृहस्थ फाइल घेऊन उठले आणि बायकोला म्हणाले, "तू बस. मी बोलून येतो."

"त्यांना घेऊन जा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं. "तुम्ही कोण?"

"कुणी नाही. नाव त्यांचं पुकारलंय."

ते काही बोलणार होते. तेवढ्यात त्यांची बायकोच उठली, नवऱ्याच्या हातातली फाइल घेतली आणि त्यांच्या आधी आत गेली.